मार्चचा अंक

बोगुमिल व्झोसेक दुकानात शिरतो
तेव्हा मी आधी त्याच्या काखेकडे बघते.
काखेत दोन पुठ्ठे, त्यांना आडवीतिडवी सुतळी,
आणि मधे, नुकतंच झोपवलेलं बाळ असावं तसा,
बंद पडलेल्या एका मासिकाचा अंक.

वूत्श शहरात हाताने फ्रेमा करणारे आता आम्ही तिघेच.
बाकीचे दोघे लग्नाचे फोटो घेतात आणि सुखी आहेत.
माझ्याकडे व्झोसेक येतो.
ट्राममधला निवृत्त तिकीट तपासनीस,
अजूनही प्रत्येक कागद उलटा करून बघतो.

एकसष्ट सालचे बारा महिने त्याला हवेत.
घरगृहस्थीचं मासिक. शेजारीण घ्यायची, त्याची आई मागून आणायची.
जानेवारीत बर्फावर लाल छत्री.
फेब्रुवारीत निळ्या बशीत नुसतं एक नासपती.
ऑक्टोबरात कोणीच नाही, खुर्चीवर टाकलेला कोट.
छपाईत लाल रंग नेहमी जरासा सरकलेला,
छत्री स्वतःच्याच कडेबाहेर सांडलेली.
"हे दुरुस्त करू नकोस," तो बजावतो,
जणू मला ते येणार आहे.

मी गंजलेल्या पिना उपटते, मुखपृष्ठ सोडवते.
आतल्या पानांचं काय, एकदा विचारलं.
बीटचं सूप, गुडघ्याचं मलम, क्रमशः कथा.
"आतलं शिळं होतं," तो म्हणाला. "बाहेरचं होत नाही."
गिऱ्हाइकाशी मी वाद घालत नाही.

अकरा झाले. भिंतीवर खिळे बारा.
मार्च काही सापडेना.
मेलेल्यांच्या घरांतून बाजारात आलेली खोकी उपसत
तीन वर्षं त्याचा जीव टांगणीला.
हे मी फ्रेमवाली म्हणून शब्दशः सांगते आहे.

मग एका मंगळवारी आला, सुतळी सुटलेली.
मार्च! पांढरी कबुतरं, एकाच्या चोचीत पिवळं पाकीट.
"कसर लागलीय," म्हणाला, "म्हणून स्वस्तात दिला. बघ काही होतंय का."

मी भिंग घेतलं.
कसर भूक लागेल तिथे खाते.
ही भोकं रांगेत होती,
सुईच्या टोकाएवढी, सारख्या अंतरावर,
कबुतराच्या मानेवरून चढत,
पाकिटाला वळसा घालून
परत कडेला येणारी.

हे मला ठाऊक आहे.
आई दिवसा गिरणीत, रात्री शिवणावर.
लाकडी मुठीचं, दात्यांचं छोटं चाक.
वर मागून आणलेला नमुना, खाली जुनं मासिक,
खाली कोणाचाही चेहरा येवो, चाक थांबत नसे.
मग त्या टोचलेल्या रेघेवरून कात्री.
या अंकावर कात्री चालवायची राहून गेली होती.

पिना काढल्या, पान दिव्यासमोर धरलं.
कबुतरं गेली.
एक बाही उजळली, ठिपक्याठिपक्यांची,
चार-पाच वर्षांच्या पोराची,
कोपराशी सैल सोडलेली, वाढत्या अंगाची.

व्झोसेकने टोपी काढली.
बऱ्याच वेळाने म्हणाला, "डावी की उजवी?"
"कागद उलटा केलास की दुसरी."
तपासनीसाला ते पटलं.

मागे पुठ्ठा लावला नाही.
दोन काचा, मधे मार्च, वर साखळी.
खिडकीत टांगायचा, भिंतीवर नाही.
पैसे दोन काचांचे घेतले, एक झ्लॉटीही सोडला नाही.

आता त्याच्याकडे बारावा खिळा मोकळा आहे
आणि येणारे-जाणारे नेमकं त्याच्याचबद्दल विचारतात,
याचा त्याला भारी राग येतो.
हिवाळ्यात साडेतीनला, ऊन असलंच तर,
बाही फरशीवर पडते.
रेडिएटरपाशी पोचेपर्यंत लांबत जाते, म्हणतो,
मोठ्या माणसाची होते.
मग ढग.

काल रात्री फोन. आवाज अगदी खाली.
"मार्चची आतली पानं टाकलीस का गं?
टोचणं पहिल्या पानावरही उतरलं असेल."

टाकते कुठे मी.
बाराही महिन्यांची सूप-मलमं
माझ्या कापायच्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहेत.
"थांब," म्हटलं, "फोन ठेवू नकोस,
टेबल उचलते."